चिंधाची शेवटची दोन पावलं

चिंधाच्या आधीची दोन पोरं जगली नाहीत, म्हणून आईनं याचं नाव चिंधा ठेवलं. फाटक्या चिंधीकडे यमाचं लक्ष जाणार नाही, असा त्यामागचा विचार. तो बरोबर निघाला. यमानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिंदखेड्याच्या भाईदासनं मात्र पाहिलं, आणि तेरा वर्षं नजर काढली नाही.

चिंधा सावद्याचा. केळीचे घड वाहणं हा त्याचा धंदा. ऐकायला सोपा आहे. घड खांद्यावर घ्यायचा, बागेतून वाट काढत, पाट ओलांडत बांधावरच्या बैलगाडीपर्यंत पळायचं आणि तिथं पसरलेल्या केळीच्या पानांवर अलगद उतरवायचा. फक्त वाटेत घडाला धक्का लागता कामा नये. आज लागलेला धक्का चार दिवसांनी काळा होऊन दिसतो, आणि मग दिल्लीचा व्यापारी सावद्याच्या शेठला जे बोलतो ते शेठ चिंधाला बोलतो, थोडी भर घालून.

एक्क्याऐंशी साली हे शेठ, म्हणजे शांतीलालशेठ, बागेत उभे असताना एक सुटलेला गोऱ्हा उधळत आत आला. चिंधाच्या खांद्यावर घड. गोऱ्हा तीन वेळा अंगावर गेला, चिंधा तीन वेळा सरकला. चौथ्या वेळी गोऱ्हा पाटात पडला आणि घड गाडीत पोचला. एका केळ्यालाही ओरखडा नाही. शेठ नुकतेच कबड्डी मंडळाचे अध्यक्ष झाले होते, कारण मंडळाला बनियन हवे होते. त्यांनी चिंधाला तिथल्या तिथं संघात घेतलं.

शेठ जैन. मुंगी दिसली तरी वळसा घालून जाणारे. मैदानात एका माणसावर सात माणसं तुटून पडतात हे त्यांना बघवत नसे. चढाई सुरू झाली की ते डोळे मिटून घेत आणि शेजारच्याला विचारत, "आला का परत?" तेरा वर्षं ते सामन्यांना हजर होते आणि त्यांनी एकही चढाई पाहिली नाही.

चिंधाची चढाई मात्र पाहण्यासारखी होती. घड वाहणारा माणूस जसा केळीच्या पानालाही न लागता सरकतो, तसा तो सात जणांमधून सरकायचा. जळगावच्या पेपरात चौथ्या पानावर त्याचं नाव यायला लागलं. शेठनी त्याला बारमाही ठेवून घेतलं. सकाळी घड, संध्याकाळी सराव, स्पर्धेला पगारी सुट्टी. खेळून पोट भरणारा सावद्यातला तो पहिला माणूस. पंच्याऐंशी साली धुळ्याच्या एका गिरणीच्या संघानं त्याला पळवलं आणि खुर्चीवर बसायची नोकरी दिली. दोन वर्षांत त्याचे पाय इतके जड झाले की गिरणीनंच त्याला सन्मानानं सावद्याला पोचवलं. पहिला घड खांद्यावर घेतला तेव्हा म्हणे तो हसला.

दुखापतींची त्यानं गावांवरून नावं ठेवली होती. हा एरंडोलचा दात, हा अमळनेरचा गुडघा. पावसाळी हवेत अमळनेर दुखायचं.

आणि या सगळ्या कीर्तीत एक खडा होता. शिंदखेड्याच्या संघाचा कोपरारक्षक भाईदास. धिप्पाड, सावकाश, म्हशीच्या स्वभावाचा. चिंधा त्याच्या बाजूनं गेला आणि सुटून आला, असं एकदाही झालं नाही. सहा जणांना चकवून चिंधा परत फिरायचा, मध्यरेषा दोन पावलांवर यायची, आणि मागून भाईदासचा हात त्याच्या घोट्यावर पडायचा.

त्यात चिंधानं त्र्याऐंशी साली लग्न केलं ते शिंदखेड्याच्या लिलाबाईशी. त्यामुळे भाईदास गावच्या नात्यानं मेहुणा झाला आणि पकडीला आदरातिथ्याचं रूप आलं. घोटा धरून, छातीवर बसून तो प्रेमानं म्हणायचा, "पाव्हना, इतली काय घाई? चहा पीसन जावा ना!"

सारं मैदान हसायचं. चिंधाचा श्वास सुटायचा, नाहीतर त्यानंही उत्तर दिलं असतं. असे चौदा चहा झाले.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर अमळनेरचा गुडघा इतका दुखायला लागला की शेठनीच विषय काढला. "चिंधा, केळ्याला डाग पडला तर मी बोलतो. तुला डाग पडले, त्याचं कोण बोलणार? साक्रीची स्पर्धा खेळ आणि थांब."

"थांबतो शेठ," चिंधा म्हणाला. "पण एकदा तरी त्या भाईदासच्या हातातून सुटून थांबतो. नाईतर म्हातारपणी नातवायले काय सांगू? चहा पेत होतो?"

हे लिलाबाईनं ऐकलं. लग्नाला दहा वर्षं झाली तरी ती माहेरची अहिराणी बोलायची, चिंधा सावद्याची बोली बोलायचा, आणि भांडण दोन्हीत होऊ शकायचं. त्याच महिन्यात ती भावाच्या लग्नाला माहेरी गेली होती आणि घराच्या धाब्यावर चढून तिनं मैदानातला नवऱ्याचा चौदावा चहा पाहिला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. एका सकाळी ती भाकरी घेऊन बागेत आली. चिंधा घड घेऊन पळत आला, गाडीपासून दोन पावलांवर सैल पडला, गुडघे वाकवले आणि घड पानांवर ठेवला. लिलाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"अहो! तुम्ही तठे घड उतारतस!"

"गाडीत नाई उतारू तर काय डोक्यावर उतारू?"

"गाडीत नही! मैदानमा! रेषजवळ उनात का तुम्ही आस्सं वाकतस. भाईदासभाऊ काय आंधळा शे का? तो तठेच वाट पाहस!"

चिंधा बांधावर बसला. तेरा वर्षं तो मध्यरेषेपाशी येऊन, कबड्डी कबड्डी म्हणत, नसलेला घड अलगद उतरवत होता. बाकीचे त्याच्या मागं धावून दमायचे. एकटा भाईदास निवांत उभा राहून त्या दोन पावलांची वाट पाहायचा.

रोग कळला, पण पायांना कोण सांगणार? चिंधानं ठरवून पाहिलं. पाय ठरल्याप्रमाणे वाकले. मग लिलाबाईनं गाडीवान जीवरामला हाताशी धरलं. चिंधा घड घेऊन जवळ आला की जीवराम बैल हाकायचा. गाडी पुढं, घड मागं, शिव्या मधे. सारे मजूर काम सोडून बांधावर बसायचे. तिसऱ्या दिवशी चिंधाच्या खांद्यावरून जन्मात पहिल्यांदा घड पडला. शेठनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

"बस झालं," चिंधा म्हणाला. "गाडी कुठी आहे तेच समजत नाई मले."

"मी सांगस ना," लिलाबाई म्हणाली. "साक्रीले गाडी रेषवर नही शे. आपला मैदानना शेवटले मी उभी राहसू. मी जठे, तठे गाडी. तठे उतारा."

साक्रीचा अंतिम सामना बाजाराच्या दिवशी होता, म्हणून बायामाणसांची गर्दी नवी नव्हती. लिलाबाई मंडळाच्या ट्रकमधून आली, हातात केळीचं एक पान. ते पाहून साक्रीच्या लोकांना वाटलं, सावद्याला काही नवस असावा. मैदानाच्या एका टोकाला कडुलिंब होता. सावली बघून लिलाबाई लिंबाखाली उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नाही की ते टोक शिंदखेड्याचं आहे.

चिंधाला ते दिसलं. चारचौघांत, जाणत्या माणसांसमोर, बायकोला हाक मारून इकडं ये म्हणायचं? त्यापेक्षा भाईदास बरा. बरं, पाय आता लिलाबाईच्या हुकमात गेलेले. पहिल्या चढाईत ते तिच्या दिशेनं असे सुटले की चिंधा शिंदखेड्याच्या अगदी शेवटच्या रेषेपर्यंत गेला आणि सात जणांनी त्याला आरामात गुंडाळला.

"पाव्हना आज मुक्कामले उनात वाटस!" भाईदास म्हणाला.

दुसऱ्या चढाईतही तेच. शेठ डोळे मिटून विचारत होते, "आला का परत?" आणि शेजारचा सांगत होता, "शेठ, अजून जाऊनच राह्यला."

मध्यंतर झालं. सावदा सात गुणांनी मागं. चिंधा खाली मान घालून अमळनेर चोळत बसला. पंचांनी शिट्टी वाजवली, बाजू बदलल्या, चिंधा नव्या अंगणात आला आणि मागं वळून पाहतो तो काय! लिंब तिथंच, सावली तिथंच, लिलाबाई तिथंच. बदललं होतं मैदान. गाडी आपोआप जागेवर आली होती.

पोरांनी सहा गुण भरून काढले. शेवटची चढाई राहिली तेव्हा सावदा एकानं मागं होतं. चिंधानं कमरेची पट्टी घट्ट केली आणि दम भरला. डावीकडून सरकला, एकाच्या खांद्याला बोट लावलं. रेषेपर्यंत पोचला तर बरोबरी! वळला, दोघांच्या मधून निसटला. मध्यरेषा दोन पावलांवर आली. भाईदास ठरल्या जागी उभा होता. त्याचा हात ठरल्याप्रमाणे घोट्यावर पडला, आणि त्यानं तोंडही उघडलं, "पाव्हना, च..."

पण पाव्हणा वाकला नाही. गाडी अजून लांब होती. एका घोट्याला शिंदखेडा लटकवून चिंधानं रेषा ओलांडली. लटकलेला भाईदासही बाद, सावदा एका गुणानं जिंकलं, आणि तरी चिंधा थांबला नाही. शिट्टी वाजली, पंच हात वर करून ओरडले, आपलेच खेळाडू उड्या मारून बाजूला झाले. चिंधा धुळीचा लोट काढत पळतच राहिला, मागं भाईदास नांगरासारखा. लिंबाखाली पोचल्यावर मात्र दोन पावलं सैल पडली. गुडघे वाकले. आणि लिलाबाईनं पसरलेल्या पानावर त्यानं नसलेला घड, जन्मात उतरवला नसेल इतका अलगद, उतरवला.

"आला का परत?" शेठनी विचारलं. शेजारचा उठून लिंबाकडे पळाला होता. तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि तेरा वर्षांत प्रथमच चिंधाचा खेळ पाहिला. तो एका केळीच्या पानासमोर गुडघे टेकून हसत होता.

भाईदासच्या तोंडात धूळ होती, पण घोटा त्यानं अजून सोडला नव्हता. त्यानं वर पाहिलं. गावची बहीण कमरेवर हात ठेवून उभी.

"सोड आता त्यासना पाय," लिलाबाई म्हणाली. "आणि बैनना दारशी उना शेस, तर इतली काय घाई? चहा पीसन जाय."