नमुना मालकासमोर

आक्का कुठल्याही गोष्टीचं वरवरचं घेत नसत. जावयानं आणलेली बातमी असो, निवडणुकीतल्या उमेदवाराचं बोलणं असो, की शेजारच्या घरातलं भांडण असो, त्यांचं म्हणणं एकच: "थांबा. आधी ढवळून घिऊ." ही सवय त्यांना कामानं लागली होती. न्हावऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर त्यांनी उभी हयात दुधाचं फॅट तपासण्यात घालवली. किटलीतलं दूध न ढवळता नमुना घेतला, की वरची साय बाटलीत येते आणि फॅट खोटं लागतं. म्हणून आधी ढवळायचं, मग नमुना घ्यायचा, आणि तोही मालकासमोर. मालक समोर नसेल तर आक्का बाटलीला हात लावत नसत. मागं रांग लागली तरी त्यांचा नियम हलायचा नाही, आणि रांगेतली माणसं कुरकुरत का होईना, थांबायची.

गावात त्यांना फॅटवाल्या आक्काच म्हणत. अंगानं काडी, आवाज मात्र पंचायतीच्या भोंग्याला लाजवणारा. पण तो आवाज त्यांनी कुणाची अब्रू काढायला वापरला नाही. दुधात पाणी घालणारे त्यांना रोज भेटत. आक्का तिथल्या तिथं काही बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला बाजूला घ्यायच्या आणि काळजीच्या सुरात विचारायच्या, "काय वो पाव्हणं, म्हैस काल नदीत लई येळ डुंबली व्हती का?" तो खाली मान घालून हसायचा, आणि पुढं पंधरा दिवस त्याची म्हैस पाण्यापासून लांब राहायची.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो पुस्तकामुळं. शिरूरला एसटी स्टँडच्या मागं माझं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकं. शिरूर आणि दौंड तालुक्यातले निम्मे लेखक माझ्या हाताखालून गेले आहेत, आणि त्यांच्या मराठीला मी इस्त्री करून दिली म्हणून ते लेखक झाले, अशी माझी समजूत होती. बायको म्हणायची, असलं चारचौघांत बोलत जाऊ नका. तरी मी बोलायचो.

आक्का कामावरून मोकळ्या झाल्या आणि एक दिवस दुकानात येऊन त्यांनी शाळेची दोनशे पानी वही काउंटरवर ठेवली. केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या बायांचं पुस्तक त्यांना करायचं होतं. एका बाईला एक प्रकरण. "ह्या बायांनी दुधासंगं मला समदं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "निम्म्यांला वाचता येत न्हाई. पुस्तक झालं की ज्याचं त्याला वाचून दाखवायचं हाय. पण बिगीबिगी करा भाऊ. बाया म्हाताऱ्या झाल्यात." एरवी प्रत्येक वाक्याला हसणाऱ्या आक्का हे शेवटचं बोलताना हसल्या नाहीत.

वहीत तोवर सहाच पानं लिहून झाली होती, ती मी टाइप करून दिली. आक्कांनी चष्मा लावून ती वाचली, "छान हाय" म्हणाल्या आणि वही घेऊन गेल्या. दोनेक महिन्यांनी परत आल्या तेव्हा बोटं आखडलेली होती. पेन धरवत नव्हतं. म्हणाल्या, "बोललेलं लिहून देणारं आन् लिहिलेलं वाचून दाखवणारं काय तरी निघालंय. दौंडला लेकीच्या फोनवर बघितलं म्या. त्यातलं चांगलं कंचं, ते ठरवून द्या."

आता माझ्या जागेवर कुणाला बसवायचं, हे माझ्याच गिऱ्हाइकानं मलाच विचारायचं, ही गंमत मला तेव्हा फारशी कळली नाही. मोठ्या मनाचा आव आणून मी कामाला लागलो. सॉफ्टवेअर निवडायची माझी रीत सोपी होती. नाव बघायचं, चार लोक काय म्हणतात ते बघायचं आणि घ्यायचं. आक्कांनी मला नाव उच्चारूच दिलं नाही. "नमुन्याच्या बाटलीवर म्या कवा मालकाचं नाव लिहिलं न्हाई, नुसता नंबर. नाव दिसलं की हात हालतो." मग मी त्यांच्या फोनवर तीन सॉफ्टवेअरं घालून दिली आणि त्यांची नावं पुसून पहिलं, दुसरं, तिसरं असं लिहिलं.

मी सुचवलं, की माझ्या दुकानातल्या मागच्या खोलीत शांतता असते, तिथं बोलून बघा. आक्का म्हणाल्या, "बाया काय तुमच्या मागच्या खोलीत येऊन बोलणार हायत व्हय?" त्यामुळं चाचणी झाली ती केंद्राच्या ओट्यावर. शेजारी किटल्यांचा खणखणाट, दूध न्यायला आलेल्या टेम्पोचा हॉर्न, आणि कुणाचं तरी रेडकू. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, तिन्ही सॉफ्टवेअरांना तोच मजकूर. चाचणीसाठी बोलायला त्यांनी सखूबाईला बसवलं होतं.

सखूबाईचं वय ऐंशीच्या पुढं. पण राणी नावाच्या म्हशीची धार ती दोन्ही वेळेला स्वतः काढायची आणि किटली स्वतः घेऊन यायची. घरात ती, तिचा मुलगा आणि सून मंगल. सासू-सुनेचं भांडण आळीला घड्याळासारखं उपयोगी पडायचं. सखूबाई फोनपुढं बसून बोलली ते असं: "माझी सून मंगल. कामाला वाघ हाय. पण पहाटं उठली की आधी म्हशीला इचारती, राणे, झोप लागली का? मला इचारत न्हाई. म्या म्हणलं, बये, म्या बी हितंच झोपले व्हते."

पहिलं सॉफ्टवेअर दोन दिवसांत बाद झालं. बाई जरा थांबली की त्याचं तोंड मिटायचं. "आमच्या बाया बोलता बोलता पदर सावरत्यात, कुत्रं हाकलत्यात," आक्का म्हणाल्या. "तेवढ्यात ह्यानं उठून जायचं म्हंजी काय रीत झाली?" दुसरं गरीब होतं. कितीही वेळ थांबायचं, नेट गेलं तरी चालायचं, पण चुका ढीगभर, आणि स्वल्पविराम-पूर्णविरामाचं नाव नाही. आणि तिसरं. तिसऱ्याचं पान बघून मला भरून आलं. परिच्छेद पाडलेले, विरामचिन्हं जागच्या जागी, औषधाला चूक नाही.

"आक्का, डोळे झाकून तिसरं घ्या," मी म्हणालो.

"डोळं झाकूनच घ्यायचं तर तुमच्याकडं कशाला आले आसते? आन् आजून मालक कुठं आलाय?"

आठव्या दिवशी सखूबाईला ओट्यावर बसवलं आणि तिसऱ्यानं लिहिलेलं पान फोनला वाचायला सांगितलं. दौंड स्टेशनवर गाड्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात फोन वाचू लागला: "माझी सून मंगल अतिशय कष्टाळू आहे. तिचे मुक्या प्राण्यांवर मनापासून प्रेम आहे. कधी कधी मात्र मला एकाकी वाटते."

सखूबाईनं हात जोडून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "ग्वाड हाय. कुणाच्या घरचं हाय?"

"सखू, तुझंच हाय ते."

"न्हाई वो आक्का. आमच्यात कुणी एकाकी न्हाई. आमी भांडतो."

मग दुसऱ्याचं पान लावलं. तोच स्टेशनवरचा आवाज, कुठं न थांबता, मधेच भलतंच काही तरी वाचत, ठेचकाळत निघाला. पण "म्या बी हितंच झोपले व्हते" आलं, तशी सखूबाई स्वतःच्याच बोलण्यावर अशी हसली, की किटली कलंडायची वेळ आली. डोळे पुसून तिनं निकाल दिला: "ह्यो माल माझा."

आक्कांनी तिसरं फोनवरून काढून टाकायला लावलं. मी बाजू मांडायचा प्रयत्न केला, की दुसऱ्याच्या चुका काढता काढता माझी बोटं आखडतील. त्या म्हणाल्या, "चूक दिसती, ती काढता येती. घातलेलं पाणी कसं काढणार?"

चहाच्या टपरीवर त्यांनी मला बाजूला घेतलं. कपातल्या चहाकडं बघत, अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "भाऊ, ती पहिली सहा पानं तुमी टायपली, तवा तुमची म्हैस डुंबली व्हती का?"

माझे कान गरम झाले. सहा पानांत मी काय काय केलं होतं ते एकदम आठवलं. बायांची भांडणं मी मतभेद करून टाकली होती. 'रडले' तिथं 'अश्रू अनावर झाले' घातलं होतं. बोटं आखडली हे खरंच होतं, पण बोटं आखडली नसती तरी आक्कांनी माझ्याकडं पुढची पानं आणली नसती, हे मला त्या टपरीवर कळलं. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. इतक्या वर्षांची इस्त्री एका प्रश्नात विस्कटायची म्हणजे काय? दोन दिवस मी घुश्शात होतो. तिसऱ्या दिवशी न्हावऱ्याला गेलो, वही मागून घेतली आणि सहाही पानं, वहीत होती तशी, पुन्हा टाइप केली. आक्कांनी वाचली. या वेळी "छान हाय" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आता चहा सांगा."

पुढचे सात-आठ महिने माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे गेले. दुकान बायकोवर सोपवून मी मोटारसायकल काढायचो, मागं आक्का, आक्कांच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत फोन. बाया पांगल्या होत्या. एक केडगावला लेकीकडं, एक पाबळला नातवाकडं. गेल्यावर आक्का लगेच फोन काढायच्या नाहीत. अर्धा तास कांद्याच्या, पाहुण्यांच्या, गुडघ्यांच्या गप्पा. मी घड्याळ बघायचो आणि त्या डोळ्यांनीच मला दटावायच्या. ढवळणं चाललेलं असायचं. मग बाईच्या आवाजात काही तरी बदलायचं, ते मला कळायचं नाही, आक्कांना कळायचं, आणि त्या हळूच फोनवरचं दुसरं सॉफ्टवेअर चालू करायच्या.

पाबळची बाई फोनपुढं बोलायचं म्हणून नवं लुगडं नेसून, पावडर लावून बसली होती. पाच मिनिटांत चिडली. म्हणाली, "ह्यो मुका हाय. हूं सुदिक म्हणत न्हाई. भिताडाला सांगू का?" तेव्हापासून आक्का शेजारी बसून "हूं", "मग गं", "आगं बया" करायला लागल्या, आणि दुसरं इमानदारीत तेही लिहायला लागलं. एकेका प्रकरणात चाळीस-पन्नास हुंकार. ते उपटता उपटता मी रडकुंडीला यायचो आणि हसायचोही. इतकं मन लावून ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या बायांचा हेवा वाटायचा.

दोन प्रकरणं राहिली असताना सखूबाई गेली. नेहमीचा खोकला चार दिवस बळावला, आणि पाचव्या दिवशी पहाटे गेली. तिचं प्रकरण तयार होतं, पण पुरं वाचून दाखवायचं राहिलं होतं. मी भेटायला गेलो तर आक्का ओट्यावर नुसत्या बसल्या होत्या. "म्या ढवळत बसले," एवढंच म्हणाल्या. त्यांना हरलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

छापायच्या आधी एका संध्याकाळी, दूध घालून झाल्यावर, सगळ्या बायांना केंद्रावर बोलावलं. तरुण मंडळाचा स्पीकर आणून फोन त्याला जोडला. जिचं प्रकरण ती पुढं सतरंजीवर बसायची, बाकीच्या भोवती. कुणी लाजलं, कुणी मधेच उठून "ह्ये आसं न्हाई, आसं झालं व्हतं" म्हणून दुरुस्ती सांगितली, एकीनं आपलं प्रकरण दोनदा लावायला लावलं. मग सखूबाईची पाळी आली आणि सतरंजी रिकामी राहिली. आक्कांचा हात फोनवर थांबला. मालक नव्हता. मी कानात म्हणालो, पुढचं लावू या. त्या हलल्या नाहीत.

मागं किटली घेऊन मंगल उभी होती. ती पुढं आली, सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "मालकीण न्हाई तर म्या हाय. लावा."

स्पीकरवर सखूबाईचं बोलणं सुरू झालं. बाया मंगलकडं बघत, तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "म्या बी हितंच झोपले व्हते" आलं, आणि मंगल ताडकन उठून स्पीकरपुढं उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, घरी उभी राहायची तशी. तिनं उत्तर द्यायला सुरुवात केली. आक्कांनी फोनचं वाचणं बंद केलं आणि लिहून घेणारं दुसरं सॉफ्टवेअर चालू केलं. 

आक्कांना जाऊन आता दोन वर्षं होतील. पुस्तक त्यांनी पाहिलं, हातात धरून उलटसुलट केलं. त्यांची आठवण येत नाही असा माझा दिवस जात नाही. आजही कुणा नवशिक्याचं हस्तलिखित समोर आलं आणि बोटं शिवशिवू लागली, की मी त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं पान काढून वाचतो. त्यातल्या यंत्राच्या चुका तेवढ्या मी काढल्या, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. ते पान मंगलचं आहे:

"आव, तुमाला काय इचारायचं? रातभर खोकत व्हता, तुमाला झोप न्हाई ह्ये मला ठावं व्हतं. म्या बी जागीच व्हते. म्हशीला मोठ्यांदा इचारायचे, म्हंजी तुमाला ऐकू जावं. त्ये तुमाला कळलं न्हाई व्हय? आन् आता ही तुमची राणी. तुमी गेल्यापसनं माझ्या हाताला पान्हा सोडत न्हाई. लाथा झाडती. मग म्या तुमचं लुगडं नेसले, तुमच्यावाणी खोकले, तवा सोडला. रोज पहाटं तुमचं लुगडं नेसून धार काढती म्या. काल अंधारात तुमच्या लेकानं बघितलं आन् आई म्हणून हाक मारली. म्या व्हय म्हणलं."