पाठीवरचे गुण

आमचे चित्रकलेचे सर चित्र हातात घेतलं की आधी ते पालथं करायचे. पुढच्या बाजूला देवी असो नाहीतर गाय की घोडा हे ठरवता न येणारी एखादी चीज असो, सरांना आधी पाठ बघायची असे. पाठीवर आम्ही तीन ओळी लिहायच्या: काय उचललं, काय जमलं, काय फसलं. आणि त्याखाली वीसपैकी गुण. स्वतःचे, स्वतःच! सर ते वाचायचे, "बरं" म्हणायचे आणि तेवढेच गुण जसेच्या तसे वहीत उतरवायचे. मग कुठं चित्र सुलटं व्हायचं. अख्ख्या भोरमध्ये त्यांना उलटे सर म्हणत. त्यांचं आडनाव आतार आहे, हे मला निकालपत्रावरची सही वाचून कळलं.

ते नसरापूरहून एसटीने यायचे. काखेत प्लॅस्टिकच्या कागदात बांधलेली चित्रांची गुंडाळी. जुन्या कॅलेंडरांतून आणि रद्दीतल्या मासिकांतून जमवलेले अजिंठा, वेरूळ, कुठले कुठले ग्रीक पुतळे. गाडीत कुणी सहज विचारलं, "मास्तर, काय हाय त्यात?" की हा माणूस उभ्या गर्दीत गुंडाळी सोडून दाखवायचा. एकदा कापूरहोळला उतरणाऱ्या एका म्हातारीने मान टाकून बसलेली अजिंठ्याची राजकन्या बघितली आणि म्हणाली, "ही काय जगत न्हाई बघा." ते चित्र मरणाऱ्या राजकन्येचंच होतं. सर वर्गात आले ते टेबलावर हात आपटतच. "म्हातारीला अक्षर येत नव्हतं, तरी कळलं! तुमी आधी खालचं नाव वाचता आन् मग चेहरे पाडता."

त्यांचा नियम एकच होता. "जुन्यातलं एक उचला, आपलं एक घाला." आमच्या वर्गातल्या दिलीपने हा नियम शब्दशः पाळला. त्याच्या वाट्याला एक ग्रीक पुतळा आला होता, आणि ग्रीक लोकांची कपड्यांबाबतची उदासीनता तुम्हाला ठाऊकच असेल. दिलीपने त्याला खाकी हाफ पँट घातली. पाठीवर लिहिलं: "उचललं: उभं राहणं. जमलं: चड्डीचे खिसे. फसलं: नाक. गुण तेरा." सरांनी ते चित्र किती वेळ हातात धरलं होतं! मग डोळे पुसत म्हणाले, "खिसे खरंच जमलेत गड्या."

पण ही शहाणी पाठ काही एका दिवसात आली नव्हती. पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी स्वतःला वीसपैकी वीस दिले होते. सरांनी हूं की चूं न करता ते वहीत उतरवले. मग बाजाराच्या दिवशी, गावोगावचे पालक भोरला येतात तेव्हा, सगळी चित्रं शाळेच्या व्हरांड्यात दोरीला टांगली, तीही पालथी. प्रत्येक पाठीवर एकच मजकूर: "जमलं: सगळं." एका बापाने आपल्या पोराचं चित्र चार वेळा उलटसुलट केलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आरं, ह्ये सगळं जमलेलं हाय, तर फसल्यावर कसं काढतुस?" पुढच्या महिन्यात वर्गात एकही वीस उरला नाही.

खरं सांगायचं तर ह्या सगळ्या प्रकारात माझी फार पंचाईत झाली. मी वकिलांची मुलगी. पहिलीपासून पहिला नंबर सोडलेला नव्हता आणि घरात तो सोडायची पद्धतही नव्हती. अण्णा निकालपत्रावर सही करायच्या आधी फक्त नंबर बघायचे. नववीला मात्र पासली गावचा किसन वर्गात आला. वसतिगृहात राहायचा, गणितात मला भारी पडायचा. त्याने अजिंठ्याचा पद्मपाणी काढला आणि हातातल्या कमळाच्या जागी भाताची लोंबी दिली. पाठीवर लिहिलं: "कमळ कधी बघितलं नाही, म्हणून लोंबी. लोंबी जमली. बोटं फसली, भेंड्या झाल्या. गुण अकरा." आणि मला तर भेंड्यासुद्धा धड काढता येत नव्हत्या. आमच्या दोघांत एकूण आठ-दहा गुणांचाच फरक होता. चित्रकलेतले गुण धरूनच नंबर लागणार होता.

वार्षिकच्या चित्रासाठी सरांनी गुंडाळीतला तोच पद्मपाणी मला घरी दिला. मी दुपारच्या उन्हात तो खिडकीच्या काचेवर चिकटवला, वर कोरा कागद धरला आणि छापून काढला. एक रेघ म्हणून सोडली नाही. पाठीवर लिहिलं: "उचललं: मान आणि डोळे. जमलं: बहुतेक सगळं. फसलं: विशेष काही नाही. गुण एकोणीस." आपलं एक घालायचं तर विसरलेच. सरांनी पाठ वाचली. माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले आणि एकोणीस लिहिले. त्या "बरं"ने माझी झोप उडवली. दुसरं कुठलंही अक्षर बोलले असते तरी चाललं असतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तपासणी आली. साहेब पुण्याहून आलेले, हेडमास्तर त्यांच्यामागे सावलीसारखे. वर्गात टांगलेल्या चित्रांवरून नजर फिरवत साहेब माझ्या पद्मपाणीपाशी थांबले. "वा! काय रेघ आहे! आणि बघा, जानवंसुद्धा सुटलेलं नाही मुलीकडून." माझ्या पद्मपाणीच्या खांद्यावरून कमरेपर्यंत एक तिरकी रेघ गेली होती खरी. साहेबांनी चष्मा सारखा केला. "पण जानवं उजव्या खांद्यावर कसं?" हेडमास्तर तत्परतेने पुढे झाले. "अपसव्य असेल, साहेब. श्राद्ध चालू असेल." मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग साहेबांनी चित्र पालथं केलं. "हे एकोणीस कुणी दिले?"

"तिनंच," सर म्हणाले.

"म्हणजे मुलं स्वतःला गुण देतात? मग मास्तर कशाला पोसायचे? खोटं लिहीत नाहीत मुलं?"

"लिहितात की, साहेब."

"मग?"

"लई दिवस टिकत न्हाई," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याकडे बघितलं असतं, तर देवाशपथ, मी उठले नसते.

मी उभी राहिले. "साहेब, ते जानवं नाही. घडी आहे." मूळ चित्र रद्दीतून आलेलं होतं. त्याच्यावर घडी पडली होती, आणि मी शहाणीने काचेवर छापताना तीही इमानेइतबारे छापली होती. हे वर्गातल्या प्रत्येकाला दिसलं होतं. कारण ते चित्र आळीपाळीने सगळ्यांच्याच घरी जाऊन आलं होतं.

साहेब विजयी मुद्रेने वळले. "बघा, आतार! चोरी पकडली की नाही मी?"

"तुमी जानवं पकडलं, साहेब," सर शांतपणे म्हणाले. "चोरी तिनं पकडली."

साहेब गेल्यावर सरांनी चित्र आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. मी रडत रडत एकोणीस खोडले आणि शून्य लिहिलं. सर वाकून बघायला लागले. "शून्य कशापायी? कागद सरळ धरला व्हतास न्हवं? हात भरून आला आसंल." मी मान हलवली. "मग त्याचे लिही की काहीतरी." मी नाक पुसलं आणि लिहिलं: "कागद धरल्याचे दोन." सर म्हणाले, "बरं."

किसनचा पहिला नंबर आला. अण्णा निकालपत्र घेऊन तडक शाळेत गेले. मी मागे मागे. "माझ्या मुलीला वीसपैकी दोन?" अण्णांचा कोर्टातला आवाज व्हरांड्यात घुमला. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "वकीलसाहेब, म्या कुठं दिले? कबुलीजबाब हाय तिचा, सहीसकट. अपील करायचं तर तिच्याकडं करा."

आणि अण्णांनी खरोखर घरी येऊन अपील केलं! मला समोर बसवून, समजुतीच्या स्वरात. "बाबी, निदान सात तरी घे. पास तरी दिसशील." मी म्हणाले, "दोनच." "विचार कर." "केला." अण्णा आईला म्हणाले, "पान वाढ." आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटत होतं, पण त्या आठवड्यात मी गाढ झोपायचे.

साहेबांनी जाताना शेरेबुकात लिहिलं होतं की यापुढे चित्रकलेचे गुण शिक्षकांनीच द्यावेत. माझ्यामुळे सरांची पद्धत बुडाली, म्हणून मी दहावीच्या पहिल्या तासाला रडवेली होऊन बसले. सरांनी तो शेरा आम्हाला मोठ्यांदा वाचून दाखवला. "हुकूम हाय. आता गुण म्या देणार." मग वही उघडून दिलीपजवळ गेले. "बोल, किती देऊ?" दिलीपने सांगितले तेवढे गुण त्यांनी स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी, लिहिले. मग पुढचा बाक. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा हुकूम असाच काटेकोर पाळला म्हणे. पुढच्या तपासणीत त्यांच्या वहीचं कौतुकही झालं.

मी पुण्याला शिकायला गेले, तिथेच नोकरीला लागले. दरवर्षी कचेरीत स्वतःच्या कामाचं मूल्यमापन स्वतः लिहून द्यायचा फॉर्म येतो. एका वर्षी मी त्यात काय काय फसलं ते सविस्तर लिहिलं. कचेरीतल्या साहेबांनी फॉर्म परत पाठवला. "मॅडम, असं लिहायचं नसतं." मी तोच परत दिला.

सर गेल्याचं मोबाईलवर किसनने कळवलं. तो आता वेल्ह्यात मास्तर आहे. मी गाडी काढून आधी भोरला गेले, तर बातमी आधीच पोचलेली, अण्णा कपडे करून दारात उभे. गुडघे गेलेले, दोन पायऱ्या चढायच्या म्हणजे संकट. "मीही येतो," एवढंच म्हणाले. नसरापूरला सरांच्या घरी ओसरीवर चटई टाकली होती. सरांच्या पत्नी, आमच्या चाची, आमच्यासमोर बसल्या. मग अण्णा त्यांना म्हणाले, "तुमच्या साहेबांनी माझ्या मुलीला वीसपैकी दोन गुण दिले होते. मी भांडायला गेलो होतो त्यांच्याशी. चुकलं माझं ते."

"अण्णा," मी म्हणाले, "सरांनी नव्हते दिले. मीच दिले होते."

"तेच तर," अण्णा म्हणाले, आणि चाळीस वर्षं भोरच्या कोर्टात आवाज चढवून उभा राहिलेला माझा बाप त्या चटईवर लहान मुलासारखा रडायला लागला.