आईचं हूं

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की निलंग्याची ती दुपार आठवते. शेअर बाजारातले संगणक ज्या ठरलेल्या भाषेत एकमेकांना सौदे कळवतात, ती शिकायची म्हणून मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन ती बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन, लिहीत बसलो होतो. ते सौदे नीट पाठवायचं, पण पाठवायला काही नसलं की जरा वेळानं समोरचा संगणक जोडणीच तोडून टाकायचा. आई तव्यावर शेंगदाणे हलवत शेजारणीच्या लेकीची सोयरीक कशी जमली ते सांगत होती. मधेच उलथनं थांबलं. “हायस का रं?” मी पडद्यातून डोकं काढलं नाही. “हूं तरी म्हन की. मी काय भिंतीला सांगू लागलेय का?” असं म्हणून ती पुन्हा शेंगदाणे हलवायला लागली. मग माझ्या लक्षात आलं, माझं इंजिनही हूं म्हणत नव्हतं. सांगण्यासारखं काही नसलं तरी मधूनमधून ‘मी आहे’ एवढं कळवायचं, हा त्या भाषेतला नियम मी बिनकामाचा समजून सोडला होता. तो घातला आणि संध्याकाळपर्यंत जोडणी टिकायला लागली. सोयरिकीची गोष्ट मात्र आईनं पुढं सांगितली नाही. आता लातुरातून फोन केला की मीच बोलत असतो. बोलताना तिला धाप लागते, म्हणून ती नुसतं हूं म्हणते. ते यायला जरा उशीर झाला की माझं बोलणं अडतं आणि मी विचारतो, “आई, हायस का?”