तपासणीला न आलेले दात

"निकाल सिग्निफिकंट आहे ना? मग अडलंय कुठं?" डॉ. केतकीने विचारलं. तिचा एमडीएसचा प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती.

मी डेंटल कॉलेजात संख्याशास्त्राचं काम करतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावी, भूमला, आई अजून सगळ्यांना सांगते, पोरगा दातांचा डॉक्टर आहे.

केतकीने चाकण भागातल्या कामगारांचे किडलेले दात भरले होते. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना जुनं सिमेंट, निम्म्यांना नवं. वर्षाने पाहिलं तर जुनं जास्त निघून आलं होतं. सिग्निफिकंट म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडणं अवघड. पण तो किती पक्का, हे मी फ्रॅजिलिटी इंडेक्सने बघतो. किती पेशंटचा निकाल उलटा लागला तर सिग्निफिकंट हा शब्द खोडावा लागेल, तो आकडा. इथे तो निघाला दोन. तपासणीला न आलेले होते अकरा, त्यांतले नऊ जुन्या सिमेंटचे.

"दोन माणसांवर माझी तीन वर्षं टांगलीत?" केतकी खुर्चीत बसलीच.

तिचे गाईड सर म्हणाले, गैरहजर पेशंट सगळ्याच ट्रायलमध्ये असतात, आहे तसं लिहा. मी म्हणालो, "सर, परीक्षकांनी हेच विचारलं तर?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "कॉलेजची व्हॅन घेऊन जा. एसी चालत नाही, आधीच सांगतो."

फोन करून सगळ्यांना शिफ्ट सुटताना महाळुंग्याच्या चौकात बोलावलं. पहिले आले बापू. तिथलेच, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. का आला नव्हता, असं विचारलं.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई. आन आमच्या दातात जुनंच भरलंय. नवं ते पांढरंशुभ्र, आरशात दिसतंय की. तुमी त्यास्नी बघणार, आमचं काय बघायचं?"

मी केतकीकडे पाहिलं. म्हणजे ज्याचं जुनं निघालं तो तक्रार घेऊन आला होता, ज्याचं टिकलं तो घरी बसला. नवंवाले मात्र मानाने आले होते.

बापूंनी आ केला. सिमेंट जागच्या जागी. "यानंच हुरडा चावलाय, म्याडम."

जुन्या सिमेंटच्या नऊ जणांपैकी आठ जणांचं शाबूत निघालं, नव्या सिमेंटचे दोघेही ठीक. पुन्हा गणित केलं आणि सिग्निफिकंट गेलं.

परतताना भोसरीला केतकीने सगळे आकडे पुन्हा एकदा बघितले. मग म्हणाली, "म्हणजे दोन्ही सारखीच."

"तसंही म्हणता येणार नाही. नवं सरस आहे हे सिद्ध झालं नाही, एवढंच."

"तुम्ही कधी सरळ हो म्हणता का हो?" म्हणाली, आणि हसली.

तिने निष्कर्ष नव्याने लिहिला. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न गैरहजरांवर आला. तिने बापूंचा हुरडा सोडून सगळं सांगितलं आणि पास झाली. पुढच्या तपासणीला बापू सगळ्यांच्या आधी हजर होते.

आता कुठलीही ट्रायल आली की आलेल्यांचे दात डॉक्टर मोजतात. मी आधी विचारतो, कोण आलं नाही?