देऊळगावच्या सोनाराने केलेला व्हॉल्व्ह

आमच्या रेडिओतला व्हॉल्व्ह गेला आणि नानांनी बोलणं सोडलं. नाना माझे वडील. मास्तरकी करून निवृत्त झाल्यावरही खामगावात आमच्या गल्लीच्या ओट्यावर रोज सकाळी मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे आणि निम्मी गल्ली चहा हातात धरून ऐकायची. काचबिंदूने डोळे गेले तेव्हा कुणीतरी जुना बॅटरीचा रेडिओ आणून दिला आणि माणूस पुन्हा तरतरीत झाला. आता तो रेडिओ तीन आठवडे मुका होता. जर्मन-जपानच्या लढाईमुळे नवा व्हॉल्व्ह अकोल्यात नाही, मुंबईला पत्र टाकलं तर तिकडूनही नकार. मी शाळेत मुलींना शिकवून घरी यायचे तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. त्याचा मला राग यायचा, आणि रागाची लाजही वाटायची.

अशात शाळेच्या शिपायाने सांगितलं की देऊळगाव राजाला किसनजी म्हणून एक सोनार आहेत, ते घरी हौसेने रेडिओचे व्हॉल्व्ह करतात. मी हसले. सोनार पुतळ्या करतो, बांगड्या करतो, बल्बसारखा काचेचा व्हॉल्व्ह कुठून करणार? पण दिवाळीच्या सुट्टीचे चार दिवस उरले होते. नानांना आत्यावर सोपवलं, मेलेला व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून डब्यात ठेवला आणि सकाळची मोटार धरली.

कुणाला या वाटेने जायचं असेल तर आधीच सांगते, पांढरं पातळ नेसू नका. लढाईपासून पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटारी अजूनही कोळशाच्या गॅसवर चालतात. मागे भट्टी असते आणि तिची काजळी सगळ्यांवर सारखी बसते. सपाटीवर गाडी बरी गेली. घाट लागला तशी ती धापा टाकायला लागली आणि ड्रायव्हरने सगळ्यांना उतरायला सांगितलं. मी कुरकुरले, तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, गाडी कोळसा खाते, पण घाटात तिले तुमचे पाय लागतेत." मग काय, चाललो. समोरून कापसाच्या गाड्या खामगावच्या बाजाराकडे उतरत होत्या, बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकले होते. वर पोचल्यावर मात्र वारा बदलला. ज्वारी कमरेला लागलेली, आकाश मोठं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

चिखलीत मोटार बदलायची असते आणि दुसरी कधी सुटेल ते तिच्या मालकालाही ठाऊक नसतं. स्टँडजवळ झुणका-भाकर मिळते. ठेचा जपून घ्या. देऊळगावला पोचून, विचारत विचारत किसनजींचं घर गाठेपर्यंत दिवेलागण झाली. बालाजीच्या देवळाजवळ धर्मशाळा आहे, पण एकट्या बाईला तिथे उतरू देणं किसनजींच्या बायकोला, सरूबाईंना, पटलं नाही. मी कोण, कशाला आले, हे पुरतं सांगायच्या आत माझी पिशवी त्यांच्या घरात गेलेली होती.

किसनजी पन्नाशीचे, किडकिडीत, नाकावर सुताने बांधलेला चष्मा. त्यांच्या बैठकीत एका बाजूला ऐरण, फुंकणी, शेगडी आणि दुसऱ्या बाजूला सगळी काच. कंपाउंडरकडून आणलेल्या नळ्या, बॅटरीचे गेलेले बल्ब, वैद्याकडून मागून आणलेला बाटलीभर पारा. सरूबाई म्हणाल्या की दोन वर्षांपासून घरात सोनं कमी आणि काच जास्त झाली आहे, अनवाणी फिरायची सोय राहिली नाही. हे असं कशापायी सुरू झालं ते मी विचारलं. कुण्या साहेबाचा रेडिओ तार जोडायला त्यांच्याकडे आला होता, त्यातला गेलेला व्हॉल्व्ह त्यांनी कुतूहलाने फोडला.

"आत जाळी होती, केसावानी बारीक," किसनजी म्हणाले. "म्या म्हटलं, हे कोन्या सोनारानं केलं असंन? मले झोपच नाही आली. त्याले जमते तं मले काऊन नाही?"

दुसऱ्या दिवशी ते काम मी सकाळपासून पाहिलं. दागिन्याची तार ज्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढतात, तिच्यातूनच त्यांनी जाळीची तार ओढली. विणायच्या सुईवर ती गुंडाळून काढली, की स्प्रिंगसारखी जाळी तयार. मध्ये बल्बची तार, भोवती जाळी, जाळीभोवती तांब्याच्या पत्र्याची नळी. हे सगळं काचेत घालून फुंकणीच्या ज्योतीने काच बंद करायची आणि मग आतली हवा काढायची. त्यासाठी पाऱ्याची बाटली रबरी नळीने जोडलेली. बाटली वर उचलायची, खाली आणायची, दर खेपेला थोडी हवा पारा ओढून नेतो. दुपारभर ती बाटली मी आणि सरूबाईंनी आळीपाळीने खालीवर केली. दळण परवडलं.

संध्याकाळी त्यांच्या घरच्या रेडिओला जोडल्यावर व्हॉल्व्ह पेटला. तार लाल झाली आणि कानाला लावलेल्या हेडफोनच्या डबीत एक बाई गायला लागली, फार लांबून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण किसनजी खूश दिसेनात. त्यांनी फळीवरचे दहाबारा व्हॉल्व्ह दाखवले. सगळ्यांच्या काचेला आतून करडा लेप, सगळे मुके. दोनतीन दिवस चालतात आणि मग असं होतं, का ते त्यांना दोन वर्षांत कळलं नव्हतं. नानांना तीन दिवस आवाज देऊन पुन्हा काढून घ्यायचा, त्यापेक्षा न दिलेला बरा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा नवा करायला घेतला. पत्र्याची नळी वळवली, तिच्या सांध्यावर टाका लावला, म्हणजे सोनार दोन कडा जोडायला वितळवून लावतात ते मिश्रण, आणि फुंकणी मारली. सांध्यातून पांढऱ्या धुराची एक रेघ वर गेली. शाळामास्तरणीला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. धूर कसला, मी विचारलं.

"टाक्यात जस्त असते. थे जळते थोडं," किसनजी म्हणाले आणि त्यांची फुंकणी तशीच तोंडाशी राहिली. मग त्यांनी फळीवरचा एक मुका व्हॉल्व्ह उचलून उजेडात धरला, त्याच्या करड्या लेपाकडे बराच वेळ पाहिलं. धूर इथे बाहेर जात होता. तिथे, बंद काचेत, त्याला जायला वाट नव्हती, तो काचेवरच बसत होता.

टाका न लावता कडा नुसत्या दुमडून बसवल्या तर नाही का चालणार, असं मी म्हटलं. त्यावर हा सज्जन माणूस माझ्यावर चिडला. तीन पिढ्यांत त्यांच्या घरातून उघड्या सांध्याचा दागिना बाहेर गेला नव्हता. दुमडून द्यायला ते काय पत्र्याचे डबे करतात? मीही चिडले. माझा बाप तिकडे भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि तुम्हाला सांध्याची पडली आहे, असं मी बोलून गेले. किसनजी उठून बाहेर ओट्यावर गेले. सरूबाईंनी मला चहा दिला, माझ्याकडे न बघता.

बऱ्याच वेळाने ते आत आले आणि पत्रा दुमडायला बसले. लहान चिमट्याने कडेत कड अडकवली, हातोडीचे हलके ठोके. माझ्या मेलेल्या व्हॉल्व्हचं रेडिओत बसणारं बूड काढून त्याच्यावर नवी काच बसवली. रात्रभर आणि सकाळीही तार जळत ठेवली, काच स्वच्छ राहिली. पैसे घेईनात. हौसेला मजुरी नसते म्हणाले. फक्त बंद पडेल त्या दिवशी एक कार्ड टाका, किती दिवस चालला ते लिहा, एवढंच मागितलं. मोटारीत बसताना जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, फोडून कोनाले दाखवू नका. आतला सांधा उघडा हाये."

परतीच्या घाटात गाडी उतरती, त्यामुळे पायांना सुट्टी. डबा मी वाटभर मांडीवर धरला.

घरी व्हॉल्व्ह लागला, पण आवाज इतका बारीक की रेडिओचा कर्णा वाजेना. कानाच्या दोन डब्या जोडल्या. एक नानांच्या कानाला, दुसरी माझ्या, कारण सुई जुळवायला मला ऐकू यायला हवं. तार आखूड, म्हणून डोक्याला डोकं लावून बसायचं. बातम्या लागल्या आणि नाना म्हणाले, "कोण वाचतोय हा? घाई करतो." चार आठवड्यांतलं त्यांचं पहिलं वाक्य. पुढे रोज संध्याकाळी तासभर आम्ही तसे बसायचो. बातमी कळली नाही की ते मला विचारायचे, मला कळली नाही की मी त्यांना.

लढाई संपल्यावर मुंबईहून नवा व्हॉल्व्ह आला. कर्णा खणखणीत वाजायला लागला, स्वयंपाकघरात पोळ्या करता करता मला सगळं ऐकू यायचं. चौथ्या दिवशी नानांनी हाक मारली.

"तो सोनाराचा लाव."

"त्यात नीट ऐकू येत नाही, नाना."

"माहीत आहे. तो लावला की तू येऊन बसतेस."

मी तवा उतरवला. किसनजींसाठी आणलेलं कार्ड अजून कोरंच आहे.