चव्हाण मॅडमचा पहिला तास

दरवर्षी पहिल्या तासाला चव्हाण मॅडम टेबलाकडे न जाता सरळ आमच्यातल्या एका बाकावर येऊन बसत आणि म्हणत, "विचारा. घर, लग्न, पैसा, मनात येईल ते विचारा. मी उत्तर देते." आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. मग एखादी धीट मुलगी विचारायची, "मॅडम, तुमचे मिस्टर काय करतात?"

"होता नवरा. पटलं नाही, सोडला. पुढचा प्रश्न."

"तुम्ही पर्मनंट आहात का?"

"नाही. तासिका तत्त्वावर. संस्थेनं पुढच्या वर्षी तास देल्ले तं राहीन, नाही तं जाईन."

हे सगळं हसत, मान ताठ ठेवून. आणि तास संपताना एकच वाक्य: "दुसऱ्याच्या घरी प्रश्न घेऊन जाचं असन, तं आधी उत्तर द्याले शिका." आज मीही समाजशास्त्र शिकवते. पहिल्या तासाला मीही बाकावर जाऊन बसते, पण दुसऱ्याच प्रश्नाला माझी जीभ अडखळते. त्यांची कधी अडखळली नाही.

त्या आमच्या दारव्हा गावाजवळच्याच एका बंजारा तांड्यावर वाढलेल्या. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, वर्गात वऱ्हाडी आणि प्राचार्य दारात दिसले की एकदम पुस्तकी मराठी. सामाजिक विषमतेचं प्रकरण त्या असं शिकवायच्या की शेवटच्या बाकावरची पोरंही माना वर करायची. "एक विद्वान म्हनते, विषमता समाजाच्या उपयोगाची असते. कोनाच्या उपयोगाची, तेवढं विचाराचं राह्यलं बिचाऱ्याचं!" आणि मग गंभीर होऊन म्हणायच्या, "वर्ग म्हंजे नुसता पैसा नाही रे. कोनाले प्रश्न विचारता येते अन् कोनाले उत्तर द्यावंच लागते, ते पाहा."

कापसानं दगा दिलेली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं. रोज कुठली ना कुठली गाडी आमच्या गावातून तांड्यांकडे जायची. कधी अभ्यासक, कधी पत्रकार, कधी सरकारी पथक. दारू पिता का, मुलीच्या लग्नात खर्च किती केला, तो टाळता आला नसता का, असं विचारून धुरळा उडवत गाड्या परत यायच्या. मॅडम एक दिवस म्हणाल्या, "या गाड्या दारव्ह्यात काहून थांबत नाहीत? ज्याचं बरं चाललं त्याचा अभ्यास नसते काय कराचा?" आणि त्यांनी त्या वर्षीचं प्रात्यक्षिकच उलटं केलं. तांड्यांवरच्या मुलांनी गावातल्या घरी जायचं. नवे प्रश्न काढायचे नाहीत, त्यांच्या घरी जे विचारले तेच विचारायचे.

आमच्या घरी तांड्यावरची माझी वर्गमैत्रीण संगीता आली. माझे बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कुणी काही विचारलं की त्यांना स्फुरण चढायचं. "विचार बेटा, विचार," म्हणत ते सरसावून बसले. शिक्षण झालं, नोकरी झाली. मग संगीतानं विचारलं, "काका, तुमी दारू घेता का?"

आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. संगीता खाली मान घालून पुढे म्हणाली, "ताईच्या लग्नात खर्च किती केला? तेवढा नसता केला तं चाललं नसतं का?"

बाबा लालबुंद झाले. "कुणाच्या घरात बसून काय विचारतेस, कळतंय का?"

पण संगीता जागची उठली नाही. "काका, तुमी पथकासंग आमच्या घरी आलते ना? माह्या बाबाले तुमीच हे विचारलं होतं. त्याइनं उत्तर देल्लं."

बाबा उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजच्या सचिवांकडे तक्रार केली. सचिवांनी बाबांच्या देखतच मॅडमना सुनावलं, माफी मागा, नाहीतर पुढच्या वर्षी तास मिळणार नाहीत. मॅडमनी काय उत्तर दिलं ते बाबांनीच नंतर आईला सांगितलं. त्या बाबांकडे वळून म्हणाल्या होत्या, "प्रश्न वाईट असतील तं दोन्ही घरी वाईट. मागते ना माफी, पन आधी तांड्यावर जाऊन मागू. साहेब, येता काय संगं?"

त्या माफी मागणार नाहीत हे ऐकून माझी छाती फुगली, पण आता त्या जाणार हेही कळलं. "मी नुसती समज द्या म्हणालो होतो," असं बाबा पुढे कितीतरी दिवस जेवताना पुटपुटायचे. नव्या वर्षी मॅडमना तास मिळाले नाहीत.

त्यांना दूर झरी जामणीकडच्या एका कॉलेजात काम मिळालं. त्या निघाल्या तेव्हा आम्ही गावातल्या मुली स्टँडवर जमलो होतो. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. तेवढ्यात बाबांची स्कूटर आली. बाबा खिडकीजवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी उत्तर राहून गेलं. घेतो मी. रोज नाही, पण घेतो. आणि लग्नातला निम्मा खर्च लोकांना दाखवायला केला."

माझे डोळे भरून आले. मॅडमनी मात्र भुवया उंचावल्या. "मले कायले सांगता, साहेब? विचारलं कोनं?"

बाबा मागे फिरले. मग स्कूटरला किक मारून मला म्हणाले, "बस मागे." तांड्याच्या रस्त्याला वळताना मी मागे पाहिलं. एसटी सुटत होती आणि मॅडम खिडकीतून हात हलवत मनसोक्त हसत होत्या. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही.

संगीताच्या वडिलांनी लगबगीनं अंगणात बाज टाकली. बाबा बसले नाहीत. संगीताला बाहेर बोलवायला सांगितलं आणि तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांनी तिच्या वडिलांसमोर उभ्यानं दिली. तिच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाजेवरची वाकळ सारखी करत म्हणाले, "बसा आता, साहेब."