टूलचं वर्णन कुणी लिहायचं

गुरुप्रसाद माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की त्याच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं त्याला धड लपवताही यायचं नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तो माहितीपुस्तिका लिहायचा. कंपनीचं सॉफ्टवेअर कारखान्यांतल्या कामांची नोंद ठेवायचं: कुणाला काय काम दिलं, कधीपर्यंत व्हायचं, झालं की नाही. गुरुप्रसादची भाषा भारदस्त. मालक सम्राटसाहेब आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या गुरूसारखं लिवणारा अख्ख्या कोल्हापुरात दावा." या एका वाक्यावर गड्याने कितीतरी वर्षं काढली होती.

मग सॉफ्टवेअरमध्ये एआयचा मदतनीस आला. कारखानदाराने नुसतं बोलायचं, "पंपाचं काम आकारामकडं द्या," आणि पुढचं सगळं मदतनीसाने करायचं. त्यासाठी त्याच्या हाताशी टूल दिलेली. काम सोपवायचं एक, मुदत बदलायचं एक, काम पुसून टाकायचं एक. या बाबाने आयुष्यात कारखाना पाहिलेला नाही. टूलखाली जे वर्णन लिहिलेलं असेल तेवढं वाचून तो कुठलं उचलायचं ते ठरवणार. लिहायचं काम अर्थातच गुरुप्रसादकडे आलं, आणि त्याने लिहिलं, "सदर साधनाद्वारे कार्यव्यवस्थापनाची प्रक्रिया सुलभ होते." तिन्ही टूलना थोड्याफार फरकाने हेच! पहिल्याच चाचणीत 'हे काम आता नको, पुढच्या महिन्यात बघू' म्हटल्यावर मदतनीसाने कामच पुसून टाकलं.

सम्राटसाहेबांनी लिखाण मधुवंतीकडे दिलं. ती लग्न होऊन नाशिकहून आलेली, कंपनीत नवी. तिने मुदतीच्या टूलखाली लिहिलं, "काम पुढे ढकलायचं असेल तेव्हा हे वापर. काम कायमचं नको असेल तर हे वापरू नकोस. तारीख कळली नाही तर अंदाज करू नकोस, विचार." मदतनीस सुतासारखा सरळ आला.

"ही काय भाषा हाय व्हय?" गुरुप्रसाद चहाच्या गाड्यावर मोहितला म्हणाला. "पहिलीतल्या पोराला सांगिटल्यागत!"

"पर चालतंय की," ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा मोहित म्हणाला आणि त्याने चहात खारी बुडवली.

चालतंय, हेच तर गुरुप्रसादला सहन होत नव्हतं. त्याला मधुवंतीचा हेवा वाटत होता, जेवण गोड लागू न देणारा हेवा. तिची वाक्यं तो पुन्हा पुन्हा वाचायचा, आणि ती आपल्याला का सुचली नाहीत म्हणून चिडायचा तो तिच्यावरच.

एवढ्यात सम्राटसाहेबांनी जाहीर केलं, की हातकणंगल्याचे अण्णाप्पा आपल्या फौंड्रीसाठी मदतनीस बघायला येणार. त्यांना पसंत पडला तर यापुढची सगळी वर्णनं मधुवंती लिहील, फसला तर काम परत गुरूकडे. मधुवंतीने आपलं लिखाण गुरुप्रसादलाच तपासायला दिलं. "दादा, तुम्ही इथले. एकदा नजर घाला."

त्याने नजर घातली आणि सापडलं! "रविवारी सुट्टी असते, मुदत पुढच्या कामाच्या दिवशी ठेव." इकडच्या बहुतेक कारखान्यांसारखी अण्णाप्पांची फौंड्रीही रविवारी धडधडत असते आणि सोमवारी बंद. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरुप्रसाद गालातल्या गालात हसला आणि त्याने खाली लिहिलं, "तपासलं. ठीक."

शनिवारी अण्णाप्पा आले. खुर्चीत ऐसपैस बसून मदतनीसाला म्हणाले, "साच्यांची तपासणी उद्याच्याला उरका म्हणावं."

पडद्यावर उत्तर आलं, "उद्या रविवार, सुट्टी आहे. मुदत सोमवारची ठेवली."

"सोमवारी? आरं, सोमवारी फौंड्रीत कुत्रं बी नसतंय!"

गुरुप्रसादच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मधुवंती लालबुंद झाली, पण डगमगली नाही. "चूक माझी, काका. मी विचारायला हवं होतं." तिथेच बसून तिने ओळ बदलली, "सुट्टीचा वार स्वतः ठरवू नकोस. कारखान्याने नोंदवलेला वार बघ." मग सोमवार नोंदवून घेतला. अण्णाप्पांनी तेच काम पुन्हा सांगितलं, आणि मुदत बरोबर रविवारची पडली.

"झ्याक!" अण्णाप्पा खूश झाले. "पोरगी नाशकाची, तिला काय ठावं? पर हे तपासलं कुणी?"

"गुरूनं," सम्राटसाहेब म्हणाले.

अण्णाप्पा वळले. "तू तर हितलाच की रं. तुला सोमवार ठावं न्हाय?"

माहीत होतं म्हणावं, तर गप्प का बसलास? नव्हतं म्हणावं, तर कोल्हापुरात जन्मून काय केलंस? सगळे त्याच्याकडे बघत होते.

"न्हाय," गुरुप्रसाद पुटपुटला. "ठावं न्हवतं."

अण्णाप्पा खो खो हसले. सम्राटसाहेब हसले नाहीत. "मधुवंती, हितनं पुढं तपासणी बी तूच कर."

"दादांकडेच राहू दे, सर," मधुवंती म्हणाली. "चुकले तर मीच होते."

गुरुप्रसादच्या अंगाची नुसती आग आग झाली. आता मनाची मोठी म्हणूनही तीच मिरवणार होती.